घट्ट बाह्या

आई,

घटस्फोटाच्या अर्जात तुमच्या मुलाचं नाव लिहून आले, तरी तुम्हाला दुसरी हाक मारायला जीभ वळत नाही.

मोफत सल्ला केंद्रातल्या वकीलबाईंनी विचारलं, "त्याने तुम्हाला घराबाहेर काढलं, ते कोणी पाहिलं?" मी म्हटलं, "कोणीच नाही." धडधडीत खोटं. भर दुपारी त्याने कडी घातली, तेव्हा तुम्हीच मागच्या दाराने माझं शिलाई मशीन ओढत आणलंत. दुखरे गुडघे घेऊन. "हे घे आणि जा," एवढंच म्हणालात.

बारा वर्षांत आपलं धड कशावरच पटलं नाही. ब्लाउजच्या बाह्यांवरून तर चार-चार दिवस अबोला. आता पोटच्या मुलाविरुद्ध साक्ष द्या, असं कोणत्या तोंडाने सांगू? तरी विचारते, याल का?

इथवर लिहिलं आणि वकीलबाईंचा फोन आला. तुम्ही घरी आलेल्या नोटिशीवरचा पत्ता विचारत विचारत सकाळीच केंद्रात पोचलात म्हणे. सगळं सांगितलंत, सही केलीत. वर म्हणालात, "सून गुणाची आहे. बाह्या तेवढ्या घट्ट शिवते." हेही लिहून घ्यायचं का, असं बाई मला विचारत होत्या!

आता हे पत्र कशाला टाकू? फोनच करते. त्याच मशीनवर शिलाईचं दुकान मांडलंय, सगळे ब्लाउज घेऊन तिथे या. भांडताना कधी कबूल केलं नाही, पण प्रत्येक बाहीच्या आत दोन बोटं कापड मी पहिल्यापासून राखून ठेवलंय.

तुमचीच,
हट्टी शिंपीण