एकशे बारावी ओळ

प्रिय देवश्रीबाई,

तुझ्या हापिसातली पुनम हिंगोलीला निघाली म्हणून हे पत्र तिच्या हाती धाडून राहिले. फोनवर तू मला पुरतं बोलू देत न्हाईस, मधीच जेवलीस का, गोळी घेतलीस का सुरू करतीस. कागद कसा गुमान ऐकून घेतो. माझी शाळा दुसरीपर्यंतची, तवा वेलांट्या इकडच्या तिकडं झाल्या तर तूच सावरून घे. घरी समदं बरं हाये. म्हशीला पारडी झाली. तुझे आजोबा मंदिरातून आले की तिच्यापाशीच बसतात, माझ्याशी बोलायला त्यांना सवड न्हाई.

माझं मन आज लई खुश हाये बाई. आपल्या गावचे बावीस म्हातारे कळमनुरीच्या शिबिरात डोळ्यांचं आपरेशन करून आले. मुंजाजीची पट्टी निघाली, तर त्यानं बायकोकडं बघून पहिलं हेच इचारलं की तू इतकी म्हातारी कवा झालीस. दोन दिस झाले, ती त्याला बिनसाखरेचा चहा देऊन राहिली. समद्यांच्या हातात तारखेची चिठ्ठी व्हती. ती चिठ्ठी कुणाच्या कंप्युटरातून निघाली ते त्यांना ठाऊक न्हाई, मला ठाऊक हाये.

गेल्या महिन्यात तू फोनवर रडलीस, ते अजून माझ्या कानात हाये. तू कंप्युटरला लिहून दिलं व्हतं की यादीतली एक-एक ओळ घे, वय बघ, चिठ्ठी काढ, फुडं चल. एकशे बाराव्या ओळीला वयाच्या जागी आकडाच नव्हता, कुणी भलतंच लिहिलेलं. तिथं ते जे थांबलं ते थांबलंच. मागच्या तीनशे जणांना चिठ्ठीच गेली न्हाई, शिबिराच्या पहिल्या दिशी अर्ध्या खाटा रिकाम्या राहिल्या. साहेबानं समद्यांदेखत तुला बोल लावला आणि शिबिर संपलं की तुला ठेवायचं का काढायचं ते बघू म्हणाला. तू म्हणालीस, आजी, मी आधीच सोडून येते.

बरं, त्याच्यावर तू तोड काढली ती आणखीनच भारी. आकडा नसंल तर पुन्ना इचार, असं लिहिलंस. ते बापडं तीच ओळ धरून वय सांगा, वय सांगा करत बसलं, सकाळचं दुपारपर्यंत. मला रडू यावं का हसू यावं ते कळंना, कारण असं येडेपण मी आपल्याच घरात बघितलेलं.

तुला त्या दिशी फोनवर गडबडीत सांगितलेली गोष्ट इथं नीट लिहिते. आमच्या लग्नानंतरचं पहिलं गावजेवण. आवतण द्यायला तुझ्या आजोबांना धाडलं. सासूबाईंनी बजावलं, एक बी घर सोडू नको. तिसऱ्याच घराला कुलूप. हे गृहस्थ त्या ओट्यावर बसले ते बसलेच, घरधनी येईल तवा फुडं जाईन म्हणून. इकडं पुरणाचं पातेलं उतरलं आणि अर्ध्या गावाला आवतणच न्हाई. मग सासूबाईंनी मला धाडलं, नव्या नवरीला, डोक्यावर पदर घेऊन. त्यांनीच शिकवलं, कुलूप दिसलं तर चौकटीला हळदीचं बोट लाव आणि फुडं चल. परतताना बोटं बघत ये, तेवढ्याच घरी पुन्ना हाक मार. घर सुटत बी न्हाई आणि गाव उपाशी बी राहत न्हाई. आवतण मधीच थांबवायचं ते एकाच वक्ती, गावात मयत झाली तर. मग कितीबी घरं राहिली असली तरी माघारी फिरायचं.

फोनवर हे ऐकून तू हसलीस, आणि हळदीच्या बोटाचं पुन्ना सांगायला लावलंस. दुसऱ्या दिशी तुझाच फोन, आजी, जमलं. आकडा नसलेली ओळ आता बाजूच्या कागदावर जाते, गाडं फुडं चालतं. यादीच कोरी नायतर फाटकी निघाली तरच समदं थांबतं. चारशे चिठ्ठ्या निघाल्या आणि बाजूला फक्त सात ओळी राहिल्या. त्या सात जणांना तू स्वता फोन केले. त्या दिशी मी गल्लीत साखर वाटली. कशाची ते कुणाला सांगितलं न्हाई.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. त्या सात फोनांतला एक मला आला व्हता. तू सहज इचारल्यागत म्हणालीस, आजी, तुझं वय काय गं धरायचं. मी तवाच वळखलं. यादी करायला आपली आशाताई सपना आली तवा मीच तिला दटावलं, आधार कार्डावर लिहिलंय ते खोटं हाये, अर्धं गाव काय एक जानेवारीला जल्मलं का? मी सांगते ते लिही, सिद्धेश्वरच्या धरणाचं काम चालू झालं तवा रांगत व्हते. पोरीनं तसंच्या तसं लिहिलं, आणि यादीत माझा नंबर एकशे बारा. पुनम सांगत व्हती, साहेबानं तुला तीनदा इचारलं, ही एकशे बारावी बाई कोण? आणि तू खाली मान घालून चूक माझीच हाये म्हणालीस, आजीचं नाव काढलं न्हाईस. काहून गं? माझ्यापायी तुझी नोकरी जावी का? बेस्तरवारी माझा डोळा हाये आणि साहेब शिबिरात येणार हाये म्हणतात. पट्टी बांधायच्या आधी मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहणार आणि सांगणार, ती बाई मी, आणि ही माझी नात. तू आडवी येऊ नको. आलीस तर माझा हात धरायला ये.

साहेबाला न भिणारी, तुझीच
गंगूआजी