मिनिट्सची वही

३ मार्च, मंगळवार
आजपासून आमच्या आर्किटेक्ट ऑफिसातल्या मीटिंगची मिनिट्स मी लिहायची नाहीत! सहा वर्षं मीच लिहीत आले — काय ठरलं, आणि शेवटच्या रकान्यात जबाबदार माणसाचं नाव. आज साहेबांनी वही स्वतःकडे ओढली. "तू ड्रॉइंगकडे बघ गं." एवढी माया? कुठंतरी पाणी मुरतंय.

५ मार्च, गुरुवार
कळलं! दवाखान्याच्या साइटवर जिना चढताना ठेकेदाराचं डोकं बीमवर आपटलं. म्हणाला, "साहेबांना सोमवारीच सांगितलं की!" म्हणजे साहेबांना ठाऊक होतं, आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत.

बीम सहा इंच खाली आलाय. इथं खरं लिहायला हरकत नाही — चूक माझी. जानेवारीत इंजिनिअरने फोनवर बीम खाली घ्यायला सांगितलं, मी ड्रॉइंग बदललं, मीटिंगमध्ये मांडायचं राहून गेलं. मीटिंग असते ती त्यासाठीच. चारचौघांत मांडलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, "अहो, डोकं लागेल!" आता बीम तोडायचा. दवाखाना डॉक्टरीणबाईंचा, त्या विचारणारच, कुणी केलं? माझी नोकरी जाणार.

६ मार्च
साहेब आणि इंजिनिअर दार लावून तासभर. मी चहाचं निमित्त करून आत गेले. टेबलावर वही, जानेवारीचं पान उघडं. साहेबांनी घाईने वर पेपर ठेवला. माझं नाव घालताहेत, दुसरं काय!

८ मार्च
ताई म्हणते, "सरळ विचार ना त्यांना." हिला काय जातंय सांगायला! विचारलं की सावध होतील.

१० मार्च, मंगळवार
मीटिंग. तासभर फरशीचा रंग. जिन्याबद्दल चकार शब्द नाही. उठताना साहेब म्हणाले, "जिन्याचं उद्या डॉक्टरीणबाईंसमोर बोलू." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी येऊन डॉक्टरीणबाईंना मेल केला. साहेब जुनी मिनिट्स मागाहून बदलतात, जानेवारीचं पान नीट तपासा, बीमचं त्यांनाच विचारा. मला आलेल्या इंजिनिअरच्या फोनचं लिहिलं नाही. दोनदा वाचला आणि पाठवला. आता कशी झोप लागेल!

११ मार्च
डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर वही मागितली. जानेवारीचं पान. तळाशी साहेबांच्या अक्षरात नवी ओळ — बीम खाली घेणे. शेवटच्या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव. खाली सही.

बाईंनी माझ्या मेलचा कागद त्या पानाशेजारी ठेवला. साहेबांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.