चूल माझीच

सोमवार, ३ जून. दुपारी.
आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगणार आणि हे लिहिणार. मी म्हणेन तेवढंच लिहायचं, अशी ह्यांना ताकीद आहे.
कारण असं. सूनबाई लोसाला इस्पितळात संध्याकाळची शिफ्ट लागली. घरी उरलो आम्ही दोघं, मुलगा तानिएलू आणि तीन नातवंडं. तानिएलू म्हणतो, "आई, रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर गरम जेवण चटईवर यायला हवं. तुला झेपायचं नाही. मातालेना आत्याला राहायला बोलावतो."
मातालेना माझी नणंद. रस्त्यापलीकडे राहते. तेवढं जवळ पुरे आहे.
मी सांगितलं, शनिवारपर्यंत थांब. शनिवारी प्रार्थना संपताच जेवण वाढलेलं दिसलं नाही, तर आण खुशाल तुझ्या आत्याला.
निश्चय : चूल माझी. ह्यांनी फक्त नारळ खवायचे.

सोमवार. जेवणानंतर.
नीरफणस भाजला. वरून कोळसा, आतून कच्चा. फणसच खराब. लगी म्हणाली, "आजी, हा खायचा की परत चुलीत घालायचा?" सात वर्षांची आहे, पण जीभ आईची.
ह्यांनी केळी उकडून ठेवली होती. कुणी सांगितलं होतं? असो. संपली.

मंगळवार, ४ जून.
आज मासे. पहिलं ताट पाद्रीबाबांकडे जातं, ही आमच्या बेटाची रीत आहे. मातालेना तिच्या ओट्यावरून टक लावून बघत होती, म्हणून मोठा मासा अख्खा पाठवला. ती तरीही बघत होती. म्हणून दुसराही पाठवला.
घरी रस्सा उरला. तानिएलू म्हणाला, "आई, पाद्रीबाबा एकटे जीव आहेत!" मी म्हटलं, देव बघत असतो. तर म्हणतो, "देव की आत्या?"
ह्यांनी बायबलच्या पेटीतून खारवलेल्या मांसाचा डबा काढला. तो तिथे काय करत होता, हे नंतर विचारीन.

बुधवार, ५ जून.
प्लॅन उत्तम होता. भात कच्चा राहिला, म्हणून प्रार्थना मी सांगितली आणि जरा लांबवली. ऑकलंडच्या सगळ्या नातेवाइकांसाठी, एकेकाचं नाव घेऊन. लगी मध्येच कुजबुजली, "आजी, फेतू काका दोनदा झाले."
तेवढ्यात मागच्या चुलीघरात डुक्कर शिरलं. आवाज मला आला होता. पण प्रार्थनेत डोळे उघडायचे नसतात. अळूच्या पानांत बांधून भाजायला ठेवलेलं नारळाचं दूध पानांसकट गेलं.
दार मी नीट लावलं होतं. डुक्कर हुशार निघालं.

गुरुवार, ६ जून.
लाकडं ओली. हे लिहू नका.
म्हटलं ना, लिहू नका.

शुक्रवार, ७ जून.
आज मुद्दाम काही रांधलं नाही. उद्यासाठी ताकद राखली. पोरांना ह्यांनी पपईचं सूप करून दिलं. पातळ होतं. मी तीन वाट्या प्यायले, पण पातळ होतं.

शनिवार, ८ जून. संध्याकाळी पाच.
सगळं कंट्रोलमध्ये. मीठ तेवढं दिसत नाही. हे म्हणाले, "मी बघतो." मी म्हटलं, तुम्ही पातेल्याकडे बघा. मातालेनाकडून चिमूटभर आणते. ही गेले नि ही आले.

रविवार, ९ जून. चर्चनंतर.
कालचं सांगते, नीट लिहा.
मीठ मागितलं तर मातालेना म्हणाली, "काय गं वहिनी, माझी चटई कुठे टाकणार? खिडकीपाशी टाक बाई, तुझ्या चुलीचा धूर सोसत नाही."
अशा बोलण्याला उत्तर न देता कोण निघेल? मी दिलं. पहिलं दिलं, मग दुसरं. तिसऱ्याच्या मध्यावर घंटा झाली. घंटा म्हणजे झाडाला टांगलेलं रिकामं गॅस सिलिंडर. ते वाजलं की प्रार्थना संपेपर्यंत रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. गावची पोरं पहाऱ्याला उभी. म्हातारीलासुद्धा सोडत नाहीत, मी विचारून पाहिलं.
बसले तिच्याच चटईवर. ती माझ्याहून लांब प्रार्थना करते. मुद्दाम.
तिथून आमच्या उघड्या दारातून आतलं सगळं दिसत होतं. प्रार्थना संपली आणि लगेच ताटं आली. वाफा येत होत्या. सगळे एका चटईवर. कुणी ओरडत नव्हतं. आमच्या घरात कुणी ओरडत नाही, असं मी प्रथमच पाहिलं.
घरी पोचले तर तानिएलू खूश. "आई, आत्याची गरजच नाही! बाबांनी झकास सांभाळलं. तू रोज अशीच आत्याकडे जात जा ना. तिलाही सोबत होईल." लगीने टाळ्या वाजवल्या.
मी उरलेलं चाखलं. मीठ बरोबर होतं. माझी पुडी तर माझ्या मुठीत होती. मीठ आलं कुठून, म्हणून ह्यांना आत्ता विचारलं. हे मान खाली घालून लिहीत राहिले. अजून लिहिताहेत.

सोमवार, १० जून. संध्याकाळी पाच.
लिहा : मी जिंकले. नणंद आमच्या घरात आली नाही. मी तिच्या घरी चालले आहे, पण माझ्या मर्जीने. आमच्याकडे कसं रांधतात, हे तिलाही कळू दे, म्हणून डबा नेते आहे.
डबा ह्यांनी भरला. झाकण मी लावलं.