लाओसचा नवस

पाचोरा, आषाढ

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या कौतिकचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. आखाजीच्या सणाला तू नवलच्या हाती ज्वारीचे बिबडे पाठवलेस आणि डब्यात चिठ्ठी घातलीस की पोहोचल्याचे कळव. बिबडे पोहोचले, भाजले, संपले, डबासुद्धा घासून फळीवर ठेवला, आणि पोहोचल्याचे मी आत्ता आषाढात कळवतो आहे. उशीर झाला, रागावू नकोस. कारण तसेच घडले आणि तेच या पत्रात लिहिणार आहे. तुझा गुडघा कसा आहे? साक्रीकडे पाऊस लागला का? सूनबाई नीट बोलते का? फोन का केला नाही म्हणशील, तर तुझ्याकडे फोन आला की नवल स्पीकर लावतो आणि मग तुझे सगळे घर ऐकते, शेजारचेही ऐकतात. मागे मी पोटाची तक्रार सांगितली तर तिसऱ्या घरातल्या बाईने ओव्याचा उपाय ओरडून सांगितला होता. म्हणून पत्र. चष्मा लावून तूच वाच, नवलला वाचायला देऊ नकोस. निदान शेवटचे पान तरी देऊ नकोस.

आता बातमी. काळजी करू नकोस. (मी करतो आहे, एका घराण्यात एक पुरे.) आपली नात हेमांगी परदेशी जायचे म्हणते. नोकरीला नाही, शिकायला नाही, फिरायला. तीन वर्षे जळगावच्या शाळेत चित्रकला शिकवून तिने थोडे पैसे साठवले आहेत आणि त्यात बसेल असा देश शोधून काढला आहे. त्याचे नाव लाओस. पाठीवर एक सॅक घ्यायची, स्वस्तात राहायचे, मिळेल त्या गाडीने जायचे, मिळेल ते खायचे. दिवाळीनंतर निघायचे. दिवाळीनंतरच का, तर तोवर तिकडचा पाऊस संपतो. आणि यंदाच का, तर धुळ्याचे एक स्थळ आले आहे, पोरगा बरा आहे, पाहण्याचा कार्यक्रम तिने परत आल्यावर ठेवायला सांगितला आहे. मला म्हणाली, आबा, एकदा लग्न झालं की माझ्या प्रत्येक तिकिटाला चार घरांच्या सह्या लागतील. मी चष्मा पुसायला घेतला. खोटे असते तर बोललो असतो.

तिचा बाप अभिमन कसा आहे तुला ठाऊकच आहे. पोरीला स्वतःच्या तोंडाने नाही म्हणणे त्याला जमत नाही. दुकानात उधारी मागायला आलेल्यालासुद्धा तो स्वतः नाही म्हणत नाही, नोकराला म्हणायला लावतो. तसे त्याने हेमांगीला सांगितले, आबा हो म्हणाले तर जा. सांगताना आमच्या सूनबाईकडे बघून हसला म्हणे. कारण हे आबा म्हणजे कोण, तर भुसावळ रोड ओलांडायला माणूस सोबत घेणारे, गॅसचे बटण तिसऱ्यांदा बघायला अर्ध्या वाटेतून परतणारे. अक्का, मला पहिल्यांदा कळले की घरात मला नाही म्हणण्यासाठी ठेवले आहे. दारावर पाटी असते, कुत्र्यापासून सावध राहा, तसा.

तरी मी नाहीच म्हणणार होतो. पण नुसते नाही म्हटले तर पोरगी कारण विचारते, म्हणून मी कारणे गोळा करायला बसलो. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने जमतील तेवढी केली. हेमांगीच्या जुन्या नकाशाच्या पुस्तकात तो देश सापडायलाच एक दुपार गेली. चहूबाजूंनी दुसरे देश आणि मध्ये हा, तालुक्यात गाव असावे तसा. समुद्र नाही. मला बरे वाटले, बुडायची भीती गेली. मग कळले की समुद्राएवढी नदी आहे, मेकाँग नावाची, आणि ही त्या नदीतून लाकडी होडीने दोन दिवस जाणार आहे. दोन दिवस होडीत! साप, विंचू, हत्ती, हिवताप, डोंगरातले घाट, तिथले पाणी, तिथली भाषा, सगळे मी तिला एकेक करून विचारले. ती रविवारी घरी आली की मी चार काळज्या पुढे करायचो आणि ती चहा पीत चारांचे उत्तर द्यायची. हिवतापावर डॉक्टरांना विचारले आहे. विमा काढणार आहे. भाषेचे म्हणाल तर सबाईदी म्हणजे नमस्कार. (मी तो दुधवाल्याला करून पाहिला. त्याने मापात काही फरक केला नाही.) पैसे चोरीला जातील म्हटले, तर तिने कमरेला आतून बांधायची चपटी पिशवी दाखवली. आमच्या रामेश्वरच्या यात्रेला तुझ्या भावजयीने माझ्या बंडीला आतून चोरकप्पा शिवला होता, अगदी तोच. राहणार कुठे विचारले, तर एका खोलीत आठ जण, वर-खाली खाटा, न्हाणीघर सगळ्यांना मिळून एक. मी म्हटले, अगं ही तर धर्मशाळा! रामेश्वरला आम्ही असेच होतो, माझ्या डोक्याशी एका शिरपूरकर म्हाताऱ्याचे पाय रात्रभर होते. ती म्हणाली, आबा, तुम्ही जे केलं तेच मी करते, फक्त तुम्ही वळकटी नेली. अक्का, चार रविवारांत माझ्या काळज्या संपल्या. माझ्या! असे आयुष्यात झाले नव्हते. रात्री झोप लागायला लागली आणि त्याचीच मग काळजी वाटू लागली.

एकच उरली होती, सॅकची. एवढे ओझे घेऊन पोरगी चालेल कशी? म्हटले मीच बघतो. तिने आणलेली सॅक मी घेतली, वजन यावे म्हणून आत ज्वारी भरली आणि घरून स्टेशनपर्यंत चालत गेलो. बैलाच्या जोत्याला नसतील एवढे पट्टे त्या सॅकला आहेत, छातीवर एक, कमरेला एक, खांद्याला दोन, आणि सगळ्यांना खटके. पोहोचलो बरा, पण फलाटावरच्या बाकावर टेकलो आणि मागचा एक पट्टा बाकाच्या फटीत अडकला. उठता येईना. खटका सुटेना. उलटे पडलेले कासव कसे असते ते मला त्या दिवशी आतून कळले. तेवढ्यात भुसावळकडची गाडी आली. शेजारच्या दोन तरुणांना वाटले म्हाताऱ्याची गाडी चुकते. त्यांनी पट्टा ओढून सोडवला, मी आभार मानायला तोंड उघडले तोवर मला दोन्हीकडून उचलून डब्यात चढवलेसुद्धा, आणि गाडी हलली. खिडकीतून त्यांनी हात केला, मीही केला. दुसरे काय करणार?

(तुला आठवते का, आपण लहान असताना बा आपल्याला याच स्टेशनवरून जामनेरच्या छोट्या गाडीने घेऊन गेले होते. जामनेर आले, सगळे उतरले, तू उतरेना. गाडी इथेच संपते असे बांनी सांगितले तर तू भोकाड पसरलेस. पुढे रूळच नाहीत हे दाखवायला तुला इंजिनापर्यंत न्यावे लागले. हे मध्येच आठवले म्हणून लिहिले.)

तर मी ज्वारी पाठीवर घेऊन जळगावला उतरलो. खिशात तिकीट नाही, चष्मा घरी, एकटा. तपासनीस आला नाही, पण येईल या धास्तीने सबंध वाट उभाच होतो. हेमांगीला फोन केला. ती स्कूटरवर आली, आधी हसली, मग मला शेवभाजी खाऊ घातली आणि म्हणाली, आबा, तुमची भीती तुमच्यासोबत आली, तरी तुम्ही पोहोचलात ना? मी खात राहिलो. तिखट होती म्हणून डोळ्यांत पाणी आले. तिथेच मी हो म्हणालो.

आता खरा घोळ पुढे झाला. मी सॅक घेऊन गाडीत चढल्याचे निम्म्या पाचोऱ्याने पाहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या मंदाबाई आल्या. (भजनी मंडळाच्या त्याच. त्यांना कळले की धुळ्याला कळायला एक एसटी लागते.) आबा कुठे गेले होते, सॅक कुणाची, पोरगी एकटीच कुठे निघाली, असे एकावर एक प्रश्न. माझ्या डोळ्यांपुढे धुळ्याचे स्थळ आले. पोरगी परदेशी एकटी भटकते असे तिकडे गेले तर स्थळ जाईल, अभिमनला आयते कारण मिळेल आणि हेमांगीचे जाणेही जाईल. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस देवाचे नाव घेतो. मी म्हणालो, भटकायला नाही हो, नवस आहे. हेमांगी जन्मली तेव्हा केवढीशी होती, जगते की नाही असे होते, तेव्हा आपल्या घरातल्या मोठ्या माणसाने नवस बोलला होता की पोरगी वाचली तर दूरदेशीच्या मोठ्या नदीवर नेऊन पाया पडवीन.

मंदाबाईंनी हात जोडले. संध्याकाळपासून नारळ यायला लागले. यात्रेला निघालेल्या माणसाजवळ आपल्या नावाचा नारळ द्यायची आपली रीत, लोकांचे काय चुकले? कुणी नारळ, कुणी खण, कुणी हळदकुंकवाची पुडी. हेमांगीने सांगून पाहिले की विमानात सात किलोच्या वर न्यायचे तर वेगळे पैसे पडतात आणि नारळ तिथेही पिकतात. मंदाबाई म्हणाल्या, "पिकोत ना बाई. आमना नावना नारय आठूनच जावाले पाहिजे." इथूनच जायचे म्हणून सध्या माझ्या खाटेखाली नारळ आहेत आणि पाय खाली सोडायला जागा नाही. निघायच्या दिवशी वेशीपर्यंत वाजंत्री लावायचेही ठरते आहे. हेमांगी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, मग एकदम खूप हसली.

एवढ्यावर भागले असते. पण मंदाबाईंना शास्त्र फार. त्यांनी भर ओसरीत अभिमनसमोर सांगितले की नवस ज्याने बोलला त्यानेच फेडायचा असतो, लेकरासोबत त्या माणसाला जावेच लागते, नाहीतर ते लेकरावर उलटते. झाले. अभिमनचा चेहरा उजळला. म्हणाला, बरोबर आहे. नवस बोलणारं माणूस सोबत जात असेल तर माझी काहीच हरकत नाही. त्यांनी नाही म्हटलं तर मग कुणीच जायचं नाही. आणि शीळ घालत दुकानात गेला. पुन्हा नाही म्हणायला त्याने दुसऱ्याचे तोंड शोधले. हेमांगीने तेव्हापासून सॅक भिंतीला टेकवून ठेवली आहे, आतली ज्वारीसुद्धा काढलेली नाही.

असे इकडचे चालले आहे. या सगळ्याचा तू मनाला त्रास करून घेऊ नकोस. गुडघ्याला निर्गुडीचा शेक दे, ओट्यावर शेवाळ आले असेल, जपून चाल. नवलला, सूनबाईला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
कौतिक

ता. क. नवस बोलणारे ते मोठे माणूस कोण, ते लिहायचे राहिले. मी तुझे नाव सांगितले आहे. रागावण्याआधी ऐक. दुसरे कुणाचे सांगणार? हेमांगी जन्मली तेव्हा तूच साक्रीहून आली होतीस, तिला कापसात गुंडाळून मांडीवर घेऊन तूच बसली होतीस आणि तुझे ओठ सारखे हलत होते. काय पुटपुटतेस हे मी कधी विचारले नाही. काहीतरी बोललीच असशील. ते कुठल्या नदीबद्दल नव्हतेच असे आता खात्रीने कोण सांगणार?

ता. क. दुसरा. तर तुला पासपोर्ट काढावा लागेल. धुळ्याला होतो, फोटो आणि बोटांचे ठसे तिथेच घेतात, आधार कार्ड आणायचे. (त्यावर तुझी जन्मतारीख एक जून आहे, माझीही एक जूनच, तिथे कुणी विचारले तर आपण जुळे नाही एवढे सांग.) वर साप, विंचू वगैरे लिहिले ते तुझ्यासाठी नव्हते. नदी मोठी असली तरी होडीला छप्पर आहे. आठ जणांच्या खोलीत खालची खाट तुझी, असे हेमांगीने स्वतः सांगितले. लोक खाली बसून, हाताने भाताचे गोळे वळून खातात, तुला चमच्याची अडचण येणार नाही. सॅक ती उचलेल, तू फक्त काठी उचल. तुझ्या गुडघ्यासाठी ती रोजचे चालणे अर्ध्यावर आणते आहे. मी तिला म्हटले, अक्कामुळे तुझी अडचण होईल. ती म्हणाली, अक्काआजी कुठे उतरायचं नाही म्हणाली तर बरंच आहे, मलाही उतरायचं नसतं. जामनेरची गोष्ट मी तिला सांगितली आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. लवकर कळव. नाही म्हणायचे असेल तर पत्र लिही आणि माझ्यासारखा उशीर कर, काही घाई नाही. हो म्हणायचे असेल तर मात्र आजच फोन कर, अभिमनच्या दुकानात, गर्दीच्या वेळी. आणि नवलला सांग, स्पीकर लाव म्हणून. आम्ही इकडचा लावतो.