शबानाच्या नावचे खोडलेले कलम

मी, चांदपाशा महेबूबसाब पिंजारी, वय एकाहत्तर, धंदा गाद्या-रजया भरणे, राहणार लातूर, आज कुणाच्याही दडपणाखाली नसताना आणि सकाळचा चहा पिऊन झाल्यावर हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. याबद्दल माझी बायको बानो हिचे मत वेगळे आहे, पण ते लग्नापासूनचे आहे. डॉ. शिवमूर्ती यांनी मला तपासून तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. घर आणि दुकान यांची वाटणी बानो, मुलगा शहेबाज आणि नांदेडला दिलेली लेक यांच्यात शरियतप्रमाणे होईल. तिथे माझे काही चालत नाही आणि मला चालवायचेही नाही. फक्त दुकान कुणी गहाण टाकू नये, ही विनंती. शहेबाजने ते माझ्या डोळ्यांदेखत टाकायला काढले होते, म्हणून लिहावे लागते.

२. ते असे झाले. त्याची मुलगी शबाना हिचा नांदेडला, म्हणजे तिच्या फुफूच्या (आत्याच्या) गावी, सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगला नंबर लागला. शहेबाजच्या मनात मात्र पुण्याचे एक खाजगी कॉलेज भरले होते, कारण त्याची इमारत काचेची आहे. तेवढ्यासाठी त्याने दुकानावर कर्जाची बोलणी सुरू केली. लातूरला शिकायला येणाऱ्या पोरांच्या गाद्या मी जन्मभर भरत आलो. काचेच्या इमारतीतली पोरं जास्त वेळ जागी राहतात, असे मला कुणी सांगितलेले नाही. शबाना शांतपणे म्हणाली, "अब्बा, मी नांदेडला फुफूकडं राहते. पगाराच्या आधी हप्ता कशाला चालू करायचा?"

३. फीच्या सवलतीला उत्पन्नाचा दाखला लागतो. शहेबाज तो काढेना. थोरल्या पोराची सोयरीक जमवताना त्याने अहमदपूरच्या व्याह्यांना सांगून ठेवले होते की दुकान महिन्याला लाखभर देते. माझ्या दुकानात लाखभर असतील तर ते कापसाचे तंतू. त्यात दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात व्याह्यांचाच भाचा बसतो. "अब्बा, खरा आकडा त्यानं बघितला तर इज्जत जाईल," म्हणे. म्हणजे बापाने फुशारकी मारायची आणि तिचे हप्ते लेकीने फेडायचे. मला राग आला. मी एसटी धरली, अहमदपूरला गेलो आणि व्याह्यांना सगळे खरे सांगितले. ते पोट धरून हसले. "चाचा, आमच्या पोराचा दाखला बी त्याच भाच्यानं काढलाय. आमची बागायत बी बोलण्यातलीच हाय." शहेबाजने दुसऱ्या दिवशी दाखला आणला. लग्न ठरल्याप्रमाणे आहे.

४. माझी झोपायची गादी शेजारचे भांडीवाले सिद्रामप्पा यांना द्यावी. इतकी वर्षे माझ्याच दुकानात बसून, माझाच चहा पिऊन, ते माझ्या गिऱ्हाइकांना फोमच्या गादीचे गुण सांगत आले. एकदा कापसावर निजून बघावे. ते या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला आले होते. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष न केलेली बरी, असे वकील अमरेश म्हणाले. सिद्रामप्पांनी थोडा विचार केला आणि गादी घेतली.

५. माझी बँकेतली ठेव माझ्या मृत्यूनंतर नात शबाना हिला शिक्षणाच्या खर्चासाठी मिळावी. (हे कलम खोडले आहे.)

खोडण्याचे कारण लिहितो. कच्चा मसुदा मी शबानाला मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. ती म्हणाली, "दादा, लई चांगलं लिहिलंय. पण पैसे शनिवारपस्तोर भरायचेत. तवर तुमचं कसं काय जमतंय?"

बानो आतून "तोबा" म्हणाली आणि सगळ्यांत आधी तीच हसली. मीही हसलो. पण पोरीचे म्हणणे बरोबर होते. माझ्यावर माती पडल्यावर तिने माझे नाव काढावे, यापेक्षा ती सुटीत नांदेडहून आली की मी दारात असावे, हे मला जास्त हवे आहे. काल आम्ही दोघांनी बँकेत जाऊन ठेव मोडली. सवलत धरून उरलेली फी, पुस्तके आणि लॅपटॉप त्यात बसतात. वरखर्चासाठी ती सुटीत माझ्या दुकानात गादीच्या खोळी शिवील. मजुरी बाजारभावाने मिळेल. टाका वाकडा आला तर नात असली तरी उसवावा लागेल.

६. असे असल्याने शबानाला या मृत्युपत्राने आता काहीही मिळत नाही. म्हणून वकिलांना विचारून, सिद्रामप्पांची रिकामी राहिलेली साक्ष तिची घेतली आहे.

ठिकाण : लातूर
दिनांक : १३ ऑगस्ट २०२५

लिहून ठेवणार : चांदपाशा महेबूबसाब पिंजारी (सही)

साक्षीदार :
१) डॉ. शिवमूर्ती, धंदा : वैद्यकी (सही)
२) शबाना शहेबाज पिंजारी, वय : १८ पूर्ण, धंदा : शिक्षण, कर्ज : निरंक (सही)