पाच मिनिटांत झोप, नाहीतर गादी फुकट

तीर्थरूप मामांच्या चरणी,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. हे पत्र मी गादीवर पालथा पडून लिहितो आहे, त्यामुळे या खेपेला 'साष्टांग' हा शब्द नुसता रिवाजाचा समजू नये. इकडे आई बरी आहे. तिचा गुडघा तिच्या मते वाढला आहे आणि डॉक्टरांच्या मते आहे तसाच आहे. मामी कशा आहेत? तुमचा रक्तदाब? आणि मुख्य म्हणजे, तुमची झोप कशी आहे? पूर्वी तुम्ही न्हाव्याच्या खुर्चीत अर्ध्या दाढीवर झोपून जायचात आणि उरलेली अर्धी तो तुमचं डोकं हातात धरून उरकायचा. ते अजून तसंच चालू आहे ना? (ही चौकशी मी वरवर करत नाही. कृपया नक्की कळवावं.)

तुम्ही शब्द टाकलात म्हणून मी या गादीच्या दुकानात लागलो. तो दिवस तुम्हाला आठवत असेल (कदाचित नसेल, कारण तुम्ही झोपला होतात). शेठजींसमोर लाकडी स्टुलावर बसून तुम्ही म्हणालात, "पोरगा सरळ आहे, अक्षर वळणदार आहे," आणि पुढचं वाक्य सुरू करून त्यातच झोपलात. शेठजी भारावून गेले. ज्याला स्टुलावर अशी झोप लागते त्याच्या मनात काळंबेरं असणं शक्य नाही, असं ते अजूनही गिऱ्हाइकांना सांगतात. मला पाट्या लिहायचं काम मिळालं. माझी शाळा नववीत सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घ सुटलेलं नाही, हे तुम्ही जाणताच. ही माझी तिसरी नोकरी आणि पहिली टिकलेली. आईनं शेजारीपाजारी सांगूनही टाकलं, की पोरगा मार्गी लागला.

मग शेठजींचे जावई दुकानात लक्ष घालू लागले. त्यांनी जाहिरातीचा कसलासा कोर्स केला आहे. जावईच असल्यामुळे त्यांना 'नको' म्हणायची सोय नाही. शेठजी त्यांची कल्पना ऐकतात, चष्मा काढून पुसतात आणि "वा" म्हणतात. पहिली कल्पना अशी, की रिक्षावर कर्णा बांधून गल्लोगल्ली 'शांत झोपेचं रहस्य' सांगत फिरायचं, आणि तेही भर दुपारी, कारण त्या वेळी लोक घरी सापडतात. लोक सापडले. रिक्षावाल्याला तर जरा जास्तच सापडले. कर्ण्याला आलेला पोचा अजून तसाच आहे. दुसरी कल्पना म्हणजे 'आमच्या गादीवर पडलेला माणूस उठायचं नाव घेत नाही' हा फलक, आणि त्यासाठी निवडलेली जागा इस्पितळाच्या दारासमोरची. रंगवला मीच. भीत भीत म्हटलं, जागा जरा बदलली तर? जावई म्हणाले, "तू वेलांट्या बघ, अर्थाचं मी बघतो." मी वेलांट्या बघितल्या. त्या बरोबर होत्या.

तिसऱ्या कल्पनेत मी स्वतःच आहे. दुकानाच्या दर्शनी काचेच्या आत पलंग मांडला, त्यावर सगळ्यांत महाग गादी घातली आणि काचेवर ठळक अक्षरांत लिहिलं : 'कोणीही असो, पाच मिनिटांत झोप, नाहीतर गादी फुकट.' फुकट कोणाला, ते लिहिलेलं नाही. मी विचारलं होतं. जावई म्हणाले, "अरे, ती वेळच येणार नाही." आता आत झोपायचं कोणी, असा प्रश्न निघाला तेव्हा शेठजींनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "याच्या घराण्यातच झोप आहे. याचे मामा मी डोळ्यांनी पाहिलेत."

मामा, मी झोपेच्या बाबतीत बाबांवर गेलो आहे, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होतो? बाबा दाराला कडी लावली का हे बघायला अंथरुणातून उठायचे, आणि परत येऊन पडल्यावर आपण ती नीट बघितली का, हे बघायला पुन्हा उठायचे. मला स्वतःच्या घरी, अंधारात, ओळखीच्या सतरंजीवर झोप येत नाही. इथे भर रस्त्यावर, उजेडात, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून (सदऱ्याच्या पाठीवर दुकानाचं नाव आहे, म्हणजे कूस बदलली तरी जाहिरात वाया जाऊ नये) झोपायचं. त्यात मला धीर यावा म्हणून जावयांनी पलंगाच्या बरोबर वर, छताला, लाल अक्षरांत एक पाटी लावली : 'शांत राहा. लोक तुमच्याकडे बघत आहेत.' शिवाय गिऱ्हाइकांसाठी काचेवर एक : 'झोप खरी असल्याची खात्री करण्यासाठी काच वाजवा.'

लोकांनी खात्री केली. सगळ्यांत जास्त केली ती शिट्टीमास्तरांनी. हे निवृत्त खेळाचे शिक्षक. गळ्यात घड्याळ, ओठांत शिट्टी, आणि नियमाच्या बाहेर स्वतःच्या नातवालाही न सोडणारे. मी डोळे मिटून घोरण्याचा आवाज काढत होतो. मास्तर बाहेरून म्हणाले, "सोंग आहे. पापण्या बघा त्याच्या, कशा थरथरतायत." शेजारची भाजीवाली म्हणाली, "अहो, उठवा त्याला कोणीतरी. लेकराला झोपून झोपून धाप लागलीय." तेवढ्यात शिट्टी वाजली. मास्तर गादी मागायला उभे राहिले, आणि पाटी आपलीच असल्यामुळे शेठजींनी गादी दिली. दुसऱ्या दिवशी लोक येतानाच दोरी घेऊन आले.

त्या दिवशीही गादी गेली. मग जावयांना वाटलं, लोकांना माझं घोरणं नीट ऐकू जात नाही म्हणून विश्वास बसत नाही. त्यांनी उशीखाली माइक ठेवून बाहेर स्पीकर लावला. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे 'देवा, आजच्या दिवस तेवढी झोप येऊ दे, नोकरी जाईल, आईला काय सांगू' असं जे मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होतो, ते पूर्ण रस्त्यानं ऐकलं. चौकातल्या पोलिसानं वाहनं थांबवून ऐकलं म्हणतात. भाजीवालीनं डोळे पुसले. मास्तरांनीही डोळे पुसले, आणि वेळ संपल्यावर शिट्टी वाजवली.

शेठजी ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "रविवारी अकरा वाजता शेवटचं बघू. झोप लागली तर ठीक. नाही लागली, तर सोमवारपासून घरीच झोप." जावयांना कोणी काही बोललं नाही. ते सध्या नवीन कल्पनेवर आहेत. त्यांच्याच सांगण्यावरून मी आत्ता काचेत पडून पत्र लिहितो आहे, कारण त्यांच्या मते रिकामी गादी वाईट दिसते. बाहेर चार माणसं नाक काचेला लावून उभी आहेत आणि त्यांतला एक 'धाप'चा 'प' नीट निघाला नाही असं खुणेनं सांगतो आहे. (बघितलं. नीट आहे.)

मामा, नोकरी जाण्याचं दुःख आहेच, पण तुमचा शब्द खाली पडेल याचं जास्त आहे. बाकी काही मागणं नाही. आशीर्वाद असावा.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. : वर 'बाकी काही मागणं नाही' असं लिहिलं आहे, ते खोडलं आहे असं समजावं. (खाडाखोड मला बघवत नाही, म्हणून तसंच ठेवलं.) मागणं आहे. पाटीवर 'कोणीही असो' असं आहे. मी शिट्टीमास्तरांना गाठून विचारलं, की माझ्याऐवजी दुसरं कोणी चालेल का. ते म्हणाले, "कोणीही म्हणजे कोणीही. तुझे आजोबा आण." आजोबा नाहीत. तुम्ही आहात.

ता. क. २ : तुम्ही येणार असं मी शेठजींना सांगून बसलो आहे. तुम्हाला न विचारता बोललो, त्याची माफी असावी. जावयांनी लगेच फलक लावला, 'रविवारी खास आकर्षण : मामा'. तो मीच रंगवला. पायजमा दुकानाकडून मिळेल. छताच्या पाटीकडे बघू नका. अर्थात तुम्हाला तेवढा वेळ मिळणारच नाही.

ता. क. ३, मामींसाठी : मुख्य गोष्ट शेवटी लिहिण्याची चूक माझ्या आत्ता लक्षात येते आहे. मामा पहिल्या पानाच्या आसपास चष्म्यासकट झोपले असतील आणि पत्र त्यांच्या छातीवरून तुम्ही उचललं असेल. तसं असेल तर मामी, त्यांना उठवू नका. रविवारी सकाळी रिक्षा पाठवतो. आहेत तसेच घेऊन या. कर्णा काढून ठेवायला सांगितलं आहे.