गवत म्हणालो

३ नोव्हें., सोम.
पाणी २५.६. मीठ बरोबर. मोठ्या दगडाच्या मागे तपकिरी रंगाचे तीन कोंब. नखाएवढे, वर बारीक केसांचा झुपका. काल नव्हते. परवाही नव्हते. मी रोज काच पुसतो, दिसले असते.

फोटो विजयदादांना पुण्याला पाठवला. टाकी त्यांनीच लॉजच्या काउंटरशेजारी बसवली. ते पुण्याला गेले तेव्हापासून रजिस्टर आणि टाकी दोन्ही माझ्याकडे. उत्तर आलं: ऐपटेशिया. एक जातीचं समुद्रफूल. प्रवाळाला डसून डसून मारतं. कुठून आलं?

कुठून ते मला माहीत आहे. दिवाळीत आलेला नवा दगड तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा होता. अण्णा म्हणाले, दाखव की लवकर, आणि मी दुसऱ्याच दिवशी टाकीत ठेवला. हे दादांना कळवलेलं नाही.

४ नोव्हें.
लिंगपूजा झाली की अण्णा खुर्ची ओढून टाकीपुढे बसतात. मालक आहेत, पण तेवढा वेळ पाहुण्यासारखे बसतात. आज वाकून बघितलं.
"हे काय उगवायलंय रे?"
मी म्हणालो, "गवत हाय, अण्णा."

का म्हणालो? दिवसभर तेच डोक्यात. अण्णांचा नियम आहे, लॉजात जीव मारायचा नाही. झुरळ सुपलीत धरून बाहेर. उंदीर पिंजऱ्यात धरायचा आणि मी सायकलवर नेऊन कॅनॉलच्या पलीकडे सोडायचा. जीव आहे म्हटलं असतं तर हात लावता आला नसता. मग हिरवं प्रवाळ गेलं असतं, आणि त्यात राहणारी नारिंगी माशांची जोडी…

खरं लिहायचं तर एवढा विचार तेव्हा केलाच नव्हता. तोंडातून निघून गेलं.
अण्णा म्हणाले, "मंग खुरपून काढ."

५ नोव्हें.
चिमट्याने तिन्ही उपटले. दोन निघाले, एक तुटला, बुडखा भेगेत राहिला. तो टूथब्रशने घासून काढला. अण्णांनी बघितलं, मान हलवली. बरं वाटलं.

९ नोव्हें., रवि.
अकरा.
तीनदा मोजले. एक तर समोरच्या काचेवर.

दादांचा फोन. घासलास? त्याच्या एकेका कणातून नवीन होतं, म्हणाले, तू पेरणी केलीस. दगडाचंही सांगून टाकलं. मग त्यांनी विचारलं, अण्णांना काय सांगितलंस? गवत, म्हणालो. ते हसले. मला हसू आलं नाही.

११ नोव्हें.
एसटीने बोरीला, घरी. आबा कापूस वेचून आले होते. फोटो दाखवला, उपटल्याची हकीकत सांगितली. आबांनी फोन लांब धरून बघितलं.
"कुंदा हाय की त्यो. वरून तोडला की चौफेर पसरतो. तू कुणाचा लेक म्हणायचा? शेतात कधी वाकलाच न्हाईस."

दादांनी सांगितलेला उपाय सांगितला. चुना दाट कालवायचा आणि सुईने त्याच्या तोंडात सोडायचा. आबांनी लगेच तंबाखूच्या चुन्याची नळी पुढे केली. म्हटलं, तो चालत नाही, शुद्ध लागतो. म्हणाले, "संगं तंबाखू लागती का ते बी इचारून घे."
हसलो. पण ते 'तोंडात' म्हणताना माझ्याच लक्षात आलं. गवताला तोंड नसतं.

१४ नोव्हें., शुक्र.
चुना आला. आधी टाकीत नको म्हणून एक खडा समुद्रफुलासकट वाटीत काढला. सुई टेकवायच्या आधीच त्याने सगळे केस आत ओढून घेतले. लहान मूल तोंड घट्ट मिटतं, तसं. थांबलो. ते पुन्हा उघडलं. मग चुना सोडला. पांढरं झालं, आक्रसलं, संपलं.

लहानपणापासून विहारात पहिलं शील म्हणत आलो, जीवहिंसा करणार नाही. घरी वशाट खातो, ते वेगळं धरत आलो. आज वाटीकडे बघताना वेगळं धरता येईना.

१८ नोव्हें.
दिवसाला चार, जास्त नाही. मोटार बंद, सुई, अर्धा तास थांबायचं, मोटार चालू, पाण्याची तपासणी. मासे ठीक. आजपर्यंत गेले तेरा. नवीन उगवलेले धरून शिल्लक बारा.

अण्णांनी सुई बघितली. काय द्यायलास? औषध, म्हणालो. आता 'गवत' आणि 'औषध' दोन झाले. खरं म्हणजे तीन. स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये माशांच्या खाद्याचा डबा आहे, त्यावर माझ्याच अक्षरात 'औषध. हात लावू नये.' आत बर्फातले मेलेले झिंगे. बाहेर पाटी शुद्ध शाकाहारीची. दादा जाताना म्हणाले होते, असंच लिही, स्वयंपाकाच्या मावशी हात लावणार नाहीत. मावशींनी नाही लावला. शेजारी दही ठेवतात.

२१ नोव्हें., शुक्र.
पालमचे एक मास्तर, निवृत्त, बायकोसह दर्शनाला आलेले. खोली चार. अण्णा कौतुकाने त्यांना टाकी दाखवत होते, आमच्या पोरानं गवत कसं हटवलं बघा. मास्तरांनी चष्मा वर केला. म्हणाले, "अहो अण्णा, गवत कुठलं? प्राणी आहे हा. ते बघा, तोंड."

मी खोली दोनची किल्ली पुसत होतो. पुसतच राहिलो.
अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. मास्तरांना चहा सांगितला.

२२ नोव्हें.
अण्णांनी आज खुर्ची ओढली नाही. कपाळावरचं भस्म ओलं होतं. उभ्यानेच विचारलं.
"तोंड हाय का त्याला?"
"हाय, अण्णा."
"तुला ठावं होतं?"
"होतं."
"किती मारलेस?"
"एकवीस." आकडा वहीत असल्यामुळे लगेच सांगता आला. थोडं अडखळायला हवं होतं, असं नंतर वाटलं.

"सोडून देता येत नव्हतं का? उंदरावानी?"
"समुद्र लागतो, अण्णा."
अण्णा टाकीकडे वळले. "तू मारलंस ते तुझ्यापाशी. पण खुरप म्हणून मी म्हणालो. माझ्या तोंडून वदवून घेतलंस तू."

रजिस्टर उचललं आणि स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवलं. दुपारी आलेल्यांची नावं त्यांनीच लिहिली. जिंतूरचा 'जि' दीर्घ लिहिला होता.

२४ नोव्हें., सोम.
सुई धुऊन ठेवली. दोन दिवस काही केलं नाही. नऊ होते, चौदा झाले. एक हिरव्या प्रवाळाला अगदी चिकटून. त्याची ती कड पांढरी पडली. जोडी त्या बाजूला जात नाही.

अण्णा आज बसले. माझ्याशी नाही, टाकीशी बोलल्यासारखे.
"ह्या प्रवाळाला बी जीव असंल."
"हाय."
"मंग कसं करायचं?"
सांगितलं, एक जातीचा झिंगा असतो, तो ही फुलं खातो. दादा पाठवतो म्हणालेत.
"त्याचं पोटच ते हाय?"
"व्हय."
"मंग येऊ दे. त्यानं खाल्लं तर ते त्याचं जेवण."
आतून मावशी म्हणाल्या, "आन् ताट वाढणारे आपण."
"तू भात बघ," अण्णा म्हणाले. रजिस्टर त्यांच्याकडेच.

२७ नोव्हें.
पुण्याच्या ट्रॅव्हल्सने सकाळी पार्सल आलं. तीन झिंगे मागवले होते. दोन पिशवीत आडवे. मेलेले दोन काळ्या कापडात गुंडाळून लपवायचं मनात आलं, एकच मागवला होता म्हणता आलं असतं. पिशवी अण्णांपुढे ठेवली.
"तीन होते, अण्णा. दोन रस्त्यात मेले."

त्यांनी पिशवी उजेडात धरून बघितली. दोघांना जास्वंदीच्या बुडाशी पुरायला लावलं. वरून तांब्यातलं पाणी त्यांनीच घातलं. म्हणाले, खरं सांगितलंस. एवढंच.
तिसरा तीन तास पाणी बदलत बदलत टाकीत सोडला. लगेच दगडाखाली गेला.

३० नोव्हें., रवि.
पाणी २५.४. मीठ बरोबर. समुद्रफुलं सतरा. झिंगा सकाळी दिसला, पण फुलांकडे फिरकत नाही. माशांचं खाद्य पडलं की तेवढं उचलतो आणि परत आत. दादांचा फोन, अण्णांनीच घेतला. चार दिवस खाद्य कमी करा, म्हणाले, भूक लागली की खाईल.

फोन ठेवून अण्णांनी विचारलं, "खाद्य म्हणजे कशाचं असतंय रे ते?"

तेवढ्यात सोलापूरकडचं एक कुटुंब आलं, पाच माणसं, सामान. अण्णा उठले, नावं लिहायला लागले. प्रश्न तिथंच राहिला. नंतर त्यांनी काढला नाही. मीही नाही.

चार वाजता मावशी दळणाला गेल्या होत्या. फ्रिजमधून डबा काढला. जुनी चिठ्ठी पाण्याने सुटेना, नखाने काढली. नवी लिहिली. पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर नीट उतरलं:

'माशांचे खाद्य. आत मेलेले झिंगे आहेत. मिलिंद.'

डबा दह्याच्या शेजारी ठेवला नाही, खालच्या कप्प्यात एकटा ठेवला. चिठ्ठीची बाजू दाराकडे. अण्णा रोज सकाळी पूजेनंतर दही घ्यायला स्वतः येतात.